पाय धुणारे हात आणि हिशेबाची वही

प्रश्न: आदरणीय बाई, सलाम. मागच्या वर्षी मी आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कमिटीवर निवडून आलो. आमचे पाळकसाहेब फार कष्टाळू आहेत, हे आधीच सांगतो. रात्री-अपरात्री कोणी आजारी पडलं तर स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेतात. मयतीला सगळ्यांच्या आधी हजर असतात. ईस्टरच्या आधीच्या पवित्र गुरुवारी, प्रभू येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून, बारा जणांचे पाय धुतात तेव्हा म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांत पाणी येतं. पण मंडळीच्या पैशाचा हिशेब कमिटीपुढे येत नाही. हॉलच्या दुरुस्तीचं काम कोणाला दिलं, कितीला दिलं, हे आम्हाला वाळूचा ट्रक आल्यावर कळलं. मी विचारलं तर साहेब म्हणाले, "मी देवाचा सेवक आहे, देवाला जबाबदार आहे. तुम्ही माझी सेवा बघा." बाकीचे मेंबर म्हणतात, एवढं करणाऱ्या माणसाला काय विचारायचं? माझं चुकतंय का?
– एक तरुण कमिटी मेंबर, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर: तुमचं चुकत नाही. साहेबांचे कष्ट तुम्ही आधी सांगितलेत, हेही बरं केलंत. ते कष्ट खरे आहेत, आणि उद्या त्यांच्यासमोर बसाल तेव्हाही सुरुवात तिथूनच करा.

"मी देवाला जबाबदार" हे उत्तर मी पुष्कळ मंडळ्यांत ऐकलं आहे. त्यावर मला नेहमी बायबलमधल्या प्रेषित पौलाची आठवण होते. यरुशलेमेतल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी पौल गावोगावच्या मंडळ्यांतून वर्गणी जमवत होता. करिंथकरांस दुसरं पत्र, आठवा अध्याय काढा आणि सोळाव्या वचनापासून सावकाश वाचा. रकमेच्या कामासाठी तीताबरोबर तो आणखी एका भावाला पाठवतो. हा भाऊ मंडळ्यांनी निवडून दिलेला आहे, पौलाने आपल्या मर्जीने उचललेला नाही. एवढ्या मोठ्या दानाबाबत कोणी आपल्यावर बोट ठेवू नये म्हणून ही खबरदारी, असं पौल स्वतःच लिहितो. प्रभूसमोर चोख असणं त्याला पुरेसं वाटत नाही, माणसांसमोरही व्यवहार चोख दिसला पाहिजे, असं तो म्हणतो. फटके, तुरुंग, फुटलेलं जहाज, सगळं सोसलेला माणूस! सेवेचा दाखला द्यायचा तर त्याच्याइतका कोणाकडे होता? पण पैशाची गोष्ट आली तेव्हा त्याने मंडळ्यांचा माणूस बरोबर घेतला.

प्रभूचा शिष्य पेत्र, त्याचंही तसंच. तो कर्नेल्य नावाच्या रोमी अधिकाऱ्याच्या घरी गेला, परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहुदी नसलेल्यांबरोबर, जेवला, म्हणून यरुशलेमेतल्या भावांनी त्याला जाब विचारला. प्रेषितांची कृत्ये, अकरावा अध्याय. पेत्राने काय केलं? पहिल्यापासून काय काय घडलं ते क्रमाने सांगितलं. प्रेषितालाच जाब विचारता, असा सूर त्याने लावला नाही. त्याचं ऐकल्यावर ते भाऊ गप्प झाले आणि देवाची स्तुती करू लागले. मंडळीने विचारायचं आणि पुढाऱ्याने सांगायचं, ही आपल्या मंडळीच्या अगदी पहिल्या वर्षांतली रीत आहे. ती कोणी संस्थेच्या कायद्यातून आणून आपल्यावर लादलेली नाही.

आता पाय धुण्याबद्दल. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी इटलीत मठातल्या बांधवांसाठी एक नियमावली लिहिली. तिचं पस्तिसावं प्रकरण मला फार आवडतं. विषय साधा आहे: स्वयंपाकघरातली आठवड्याची पाळी. प्रत्येकाने पाळीने सगळ्यांना रांधून वाढायचं. शनिवारी ज्याची पाळी संपते त्याने हात-पाय पुसायचे टॉवेल धुवायचे, आणि पाळी संपलेला व नव्याने पाळीवर येणारा, दोघांनी मिळून सगळ्यांचे पाय धुवायचे. आणि लगेच त्याच प्रकरणात पुढे येतं की पाळी संपलेल्याने भांडी स्वच्छ आणि धड कोठाराच्या कारभाऱ्याकडे परत द्यायची, कारभाऱ्याने ती नव्या माणसाच्या हाती सोपवायची, म्हणजे काय दिलं आणि काय परत आलं हे त्याला ठाऊक राहील. पाय धुणं आणि भांड्यांचा हिशेब एकाच परिच्छेदाच्या अंतरावर! बेनेडिक्टना त्यात काहीच विसंगत वाटलं नाही, कारण दोन्ही कामं करणारा माणूस तोच आहे: भांडी आपली नाहीत, पाळीपुरती आपल्याकडे आली आहेत, हे ओळखणारा.

तुमच्या साहेबांचा जीव मंडळीत आहे, यात मला शंका नाही. पण सेवा करणारा मोठा आणि ती घेणारा मिंधा, असं झालं की बिघडतं. दवाखान्यात नेऊन सोडलेल्या माणसाची जीभ पुढच्या मीटिंगमध्ये उचलत नाही. तुमचे बाकीचे मेंबर गप्प बसतात ते यामुळेच. व्ही. एस. अझरिया हे पुढे १९१२ मध्ये दोर्णकलचे बिशप झाले, अँग्लिकन चर्चचे पहिले भारतीय बिशप. १९१० मध्ये एडिंबरोच्या जागतिक मिशनरी परिषदेत, समोर बहुतेक सगळे गोरे मिशनरी बसलेले असताना, ते उभे राहून म्हणाले की तुम्ही गरिबांना खाऊ घातलंत, आपली शरीरंही झिजवलीत, आता आम्हाला मित्र द्या. किती धाडसाचं बोलणं होतं ते! आणि नेमकं. मिशनऱ्यांनी सगळं दिलं होतं, फक्त बरोबरीने बसायला खुर्ची दिली नव्हती. तुमच्या कमिटीत आज तीच खुर्ची रिकामी आहे.

हिशेब मागण्यात अपमान नसतो, हे मी माझ्या खजिनदारकीत शिकले. आमच्याकडे आराधना संपली की वेस्ट्रीतल्या, म्हणजे चर्चच्या बाजूच्या खोलीतल्या, टेबलावर दानाच्या थैल्या रिकाम्या करायच्या. नोटा वेगळ्या, नाणी वेगळी, पाकिटं वेगळी. पाकिटावरचं नाव आणि आतली रक्कम दोघींनी ताडून बघायची, तिसऱ्याने रजिस्टरात लिहायची, तिघांच्या सह्या व्हायच्या. हंगामाच्या सणाला तर कोंबड्या, नारळ, बाजरीची पोती यांचा लिलाव होई. कोणती वस्तू कोणी कितीला घेतली आणि पैसे दिले की उधार ठेवले, हे ओळीओळीने लिहावं लागे, आणि त्या दिवशी घरी जायला संध्याकाळ होई. आमचे त्या वेळचे पाळक मोजणीला कधी थांबत नसत. बाहेर दारात लोकांना भेटत उभे राहत. एकदा मुंबईहून आलेल्या पाहुण्यांनी त्यांच्या हातात पाकीट दिलं, "हे तुमच्यासाठी, साहेब." ते पाकीट घेऊन ते आत आले, टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "आधी रजिस्टरात लिहा, मग कमिटीने सांगितलं तर मी नेईन." पुढच्या मीटिंगमध्ये कमिटीने ते एकमताने त्यांनाच दिलं. त्यांच्याबद्दल मंडळीत कधी कुजबुज झाली नाही, आणि त्यांच्या शब्दाला जेवढं वजन होतं तेवढं मी नंतर फार थोड्यांच्या शब्दाला पाहिलं.

आता तुम्ही काय करायचं. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातला क्रम सोडू नका. आधी एकटे जा, त्यांच्या घरी, मीटिंगच्या दिवशी नको. "साहेब, तुमच्यावर कोणी बोलू नये म्हणून मला हे हवं आहे" असं सांगा, आणि ते मनापासून सांगा. मागणी छोटी ठेवा: दर मीटिंगला महिन्याची जमा-खर्चाची एक पानी यादी, आणि कमिटीने ठरवलेल्या रकमेच्या वरचं कोणतंही काम दोन-तीन दरपत्रकं आल्याशिवाय द्यायचं नाही. ऐकलं नाही तर मंडळीतल्या दोन ज्येष्ठांना बरोबर घ्या. तेही जमलं नाही तर वार्षिक सभेत विषय मांडा, डायसिसला, म्हणजे बिशपांच्या कार्यालयाला, लिहा. आपल्या बहुतेक मंडळ्यांची मालमत्ता नोंदणीकृत सार्वजनिक ट्रस्टकडे असते आणि महाराष्ट्राच्या १९५० च्या सार्वजनिक ट्रस्ट कायद्याने अशा ट्रस्टला हिशेब ठेवून तो तपासून घ्यावाच लागतो. पण धर्मादाय आयुक्तांची पायरी शेवटची. काही मंडळ्यांनी ती पहिलीच चढली, आणि तिथे भाऊ-भाऊ कोर्टाच्या तारखांना भेटतात. ते पाहून माझा जीव तुटतो.

एक गोष्ट मात्र आधी तपासा. तुमच्याकडे तरुण संघाची किंवा कमिटीची जी कोणती रक्कम असेल, तिचा कागद तयार आहे ना? तो खिशात घेऊन जा आणि आधी तो दाखवा.

प्रश्न: बाई, मी कॅथलिक आहे, तुमचं सदर आमच्या घरी आवडीने वाचलं जातं. आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) पवित्र गुरुवारी अजून फक्त पुरुषांचेच पाय धुतात. बायकांचे धुतले तर चालतं का?
– एक आजी, वसई

उत्तर: चालतं, आजी. पोप फ्रान्सिस यांनी निवड झाल्यावर थोड्याच दिवसांत, २८ मार्च २०१३ च्या पवित्र गुरुवारी, रोममधल्या बाल-गुन्हेगारांच्या तुरुंगात जाऊन बारा तरुण कैद्यांचे पाय धुतले. त्यांत मुली होत्या, मुसलमानही होते. पुढे जानेवारी २०१६ मध्ये त्यांनी नियमच बदलून घेतला, आता पाय धुण्यासाठी फक्त पुरुष निवडावेत असं बंधन नाही. तुम्ही फादरांना भेटून विचारा. आणि माझं ऐकाल तर एक नाव सुचवून या: चर्च झाडणाऱ्या बाईचं.

प्रश्न: बाई, मी पाळकांची पत्नी. आम्ही खेडेगावच्या मंडळीत आहोत. पगार तीन-तीन महिने थकतो. शब्बाथशाळा, महिला मंडळ, पाहुण्यांचा स्वयंपाक, आजाऱ्यांच्या भेटी, सगळं आम्हा दोघांवर. जरा काही बोललं की ऐकायला मिळतं, "सेवाच करायला आलात ना?" हे आता ऐकवत नाही. आम्ही सेवेत कमी पडतोय का?
– नाव नको, मराठवाडा

उत्तर: तुम्ही कमी पडत नाही, ताई. कमी पडते आहे ती तुमची मंडळी, आणि हे मी उघड लिहिते कारण हे सदर तिथेही वाचलं जातं.

प्रभूने शिष्यांचे पाय धुतले आणि मग सांगितलं की तुम्हीही एकमेकांचे धुवा. एकमेकांचे. एका कुटुंबाने सगळ्या गावाचे धुवावेत आणि गावाने पाय पुढे करून बसावं, असं तिथे कुठे आहे? शिष्य येजा करणाऱ्या गर्दीने इतके गांजले की जेवायलाही सवड होईना, तेव्हा प्रभूनेच त्यांना म्हटलं की एकांती चला, थोडा विसावा घ्या. मार्क, सहावा अध्याय. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे तंटे सोडवत बसला तेव्हा सासरा इथ्रो त्याला स्पष्ट म्हणाला, हे तू करतोस ते बरं नाही, तूही थकशील आणि लोकही थकतील.

यरुशलेमेच्या मंडळीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटणीत डावललं जात होतं. तक्रार झाली तेव्हा बारा प्रेषितांनी स्वतः धावपळ वाढवली नाही, की कुरकुर करू नका म्हणून दटावलंही नाही. मंडळीला म्हणाले, तुमच्यातून सात जण निवडा. स्तेफन, फिलिप्प आणि बाकीचे, सातही नावं ग्रीक आहेत. ज्या बाजूची तक्रार होती, वाढप जणू तिच्याच हाती गेलं! मोठेपणी हा अध्याय नीट वाचला तेव्हा मी थक्क झाले होते. म्हणून तुमच्याकडे जी बाई सर्वांत जास्त तक्रार करते, तिला पुढच्या रविवारपासून पाहुण्यांच्या जेवणाची जबाबदारी द्या. चिडून नको, विश्वासाने द्या.

पगाराचं मात्र तुमच्या यजमानांनी कमिटीला लेखी द्यावं. याकोबाच्या पत्रातलं पाचव्या अध्यायाचं चौथं वचन त्यात लिहायला हरकत नाही, अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे असं तिथे म्हटलं आहे. आणि कमिटीच्या मेंबरांनो, हे तुम्ही वाचत असाल तर सांगते: घरात तीन महिने पगार आला नाही तर तुमची चूल कशी पेटेल, ते एकदा बायकोला विचारून बघा.

प्रश्न: मी बरीच वर्षं आमच्या महिला मंडळाची अध्यक्ष आहे. पद सोडायची तयारी आहे, पण कोणी पुढे येत नाही. मी सोडलं तर मंडळ बंद पडेल, म्हणून ओढते आहे.
– पुणे

उत्तर: पंडिता रमाबाईंच्या हाताखाली केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आणलेल्या मुली, टाकलेल्या बायका, विधवा यांनी विणकाम शिकलं, छापखाना चालवायला शिकलं. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर त्याच बायकांनी छापलं. रमाबाईंची मुलगी मनोरमा आईच्या मागे काम सांभाळील असं सगळे धरून चालले होते. ती १९२१ मध्ये गेली, आणि ५ एप्रिल १९२२ ला रमाबाईही गेल्या. मुक्ती मिशन बंद पडलं नाही, आजही आहे. बायकांना कामं येत होती.

"कोणी पुढे येत नाही" असं म्हणताना बघा, की पुढे यायला जागा आहे का. बायबलच्या वचनावर कोण बोलतं, अहवाल कोण वाचतं, पाळकसाहेबांशी बोलायला कोण जातं? सगळीकडे तुम्हीच असाल तर बाकीच्यांनी कशासाठी उठायचं? दोन तरुण सुना निवडा, सहा महिने एकीला हिशेब आणि दुसरीला कार्यक्रम सोपवा. त्या चुकतील, तेव्हा सर्वांसमोर दुरुस्त करू नका. मग निवडणुकीत उभ्याच राहू नका. आणि पासबुक देताना बँकेत सह्या बदलायला तुम्ही स्वतः बरोबर जा, नाहीतर ते काम वर्षभर लोंबकळतं आणि चेकवर सही करायला पुन्हा तुम्हालाच बोलावतात.