रेसिंग गेममध्ये दुरुस्तीचे पैसे कापले, तर खेळाडू गाड्या ठोकायचे थांबतील का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे की, बहुतेक रेसिंग गेममध्ये शर्यत संपली की गाडी पुन्हा नव्यासारखी चकचकीत होते, त्यामुळे वळणावर ब्रेक लावण्यापेक्षा पुढच्या गाडीवर आदळून वळण घेणे अनेकांना सोपे वाटते. खऱ्या रस्त्यावर बंपरला ओरखडा आला तरी गॅरेजवाल्याला पैसे मोजावे लागतात, मग गेममध्येही तसा खर्च लावला तर ही धसमुसळेगिरी कमी होईल का? माझे उत्तर असे आहे की, केवळ पैसे कापल्याने ती थोड्या दिवसांपुरती कमी होईल आणि खेळाडूच्या खात्यात पुरेशी रक्कम साठली की पुन्हा सुरू होईल. नुकसानीची भरपाई पैशांऐवजी वेळेत वसूल केली, तर मात्र खेळाडूची गाडी चालवण्याची पद्धतच बदलते. मी या प्रकारचे गेम अनेक वर्षांपासून खेळतो आणि मित्रमंडळींच्या ऑनलाइन शर्यतींचे नियमही ठरवतो, म्हणून हे थोडे विस्ताराने सांगतो.

दुरुस्तीचा खर्च ही कल्पना नवी नाही. 'नीड फॉर स्पीड' या मालिकेत 1999 साली आलेल्या 'हाय स्टेक्स' या भागात गाडी आपटल्यावर पत्रा चेपलेला दिसू लागला आणि नुकसानीचा परिणाम गाडीच्या कामगिरीवरही होऊ लागला. करिअरमध्ये, म्हणजे एकामागून एक शर्यती खेळत पैसे आणि गाड्या मिळवत जाण्याच्या प्रकारात, शर्यतीनंतर दुरुस्तीसाठी बक्षिसाच्या पैशांतून रक्कम मोजावी लागे, आणि त्याच पैशांतून गाडीत सुधारणाही करायच्या असल्यामुळे प्रत्येक धडकेचा हिशेब मनात आपोआप होत असे. पुढच्याच वर्षी आलेल्या पोर्शे गाड्यांच्या भागाने ही कल्पना आणखी पुढे नेली. त्यातील 'इव्होल्युशन' या प्रकारात खेळाडू जुन्या 356 या मॉडेलपासून सुरुवात करतो आणि पोर्शेच्या इतिहासातील वेगवेगळ्या कालखंडांतून आधुनिक गाड्यांपर्यंत पोहोचतो. तिथे वापरलेल्या गाड्यांचा बाजार होता. ठोकलेली गाडी स्वस्तात घ्यायची, दुरुस्त करायची आणि नफा घेऊन विकायची, असा व्यवहार करता येत असे. माझ्या मते दुरुस्तीच्या खर्चाचा इतका समंजस वापर त्यानंतर फार कमी गेमनी केला. तिथे नुकसान म्हणजे केवळ दंड नव्हता. गाडीची किंमत ठरवणारी ती एक बाब होती, आणि ज्याला गाडीची पारख होती त्याला त्यातून चार पैसे मिळवताही येत होते.

तरीही या पद्धतीत दोन दोष आहेत आणि ते एकमेकांच्या अगदी उलट आहेत. पहिला असा की, खर्चाचा धाक खिसा रिकामा असेपर्यंतच टिकतो. करिअरच्या सुरुवातीला बक्षीस लहान असते, एका शर्यतीचा अर्धा पैसा डेंटिंग-पेंटिंगमध्ये गेला तर पुढचे टायर घेता येत नाहीत, त्यामुळे खेळाडू जपून चालवतो. पण काही तासांनी बक्षिसे दसपट होतात, दुरुस्तीचे बिल मात्र त्या प्रमाणात वाढत नाही, आणि मग ते बिल वाचण्याचीही तसदी कोणी घेत नाही. दुसरा दोष नवख्या खेळाडूला बसतो. जो नीट चालवू शकत नाही तोच जास्त धडकतो, तोच मागच्या क्रमांकावर येतो, त्यालाच कमी बक्षीस मिळते आणि त्यातूनही दुरुस्तीचे पैसे वजा होतात; परिणामी त्याची गाडी इतरांपेक्षा कमजोर राहते आणि पुढची शर्यत त्याला आणखी जड जाते. कर्जात बुडालेल्या माणसाला व्याज भरता भरता मुद्दल फेडता येऊ नये, तशी त्याची अवस्था होते. ज्याला शिस्त लावायची तो श्रीमंत खेळाडू मोकळा सुटतो आणि ज्याला शिकायला वाव द्यायचा तो नवखा गेम सोडून देतो. गेम बनवणारे खर्च कमी ठेवतात किंवा काढूनच टाकतात, त्यामागे हे मोठे कारण असावे असे मला वाटते.

यावर काढलेला एक तोडगा म्हणजे वेळ मागे फिरवण्याची सोय. 2008 च्या 'ग्रिड'मध्ये ती 'फ्लॅशबॅक' या नावाने आली आणि 2009 च्या 'फोर्झा मोटरस्पोर्ट 3'मध्येही ती होती. वळण चुकले, गाडी भिंतीवर गेली, की एक बटण दाबायचे आणि धडकेच्या आधीच्या क्षणी परत यायचे. नवख्यासाठी ही सोय खरोखर उपयोगी आहे आणि मी तिच्या विरोधात नाही. परंतु ती चालू असताना नुकसानीचा कोणताही हिशेब निरर्थक ठरतो, कारण झालेली धडक न झाल्यासारखी करता येते. त्यामुळे नुकसानीला अर्थ असावा असे वाटत असेल, तर ही सोय बंद ठेवणे ही पहिली अट आहे.

आणखी एक अडचण गेमच्या बाहेरची आहे. खऱ्या कंपन्यांच्या गाड्या गेममध्ये परवान्याने येतात, आणि आपल्या गाडीचा चेंदामेंदा झालेला दाखवणे अनेक उत्पादकांना रुचत नाही. म्हणून परवान्याच्या गाड्यांवर ओरखडे येतात, बंपर लोंबतो, बॉनेट उघडते, पण चालकाची जागा सहसा शाबूत राहते. 'बीमएनजी ड्राइव्ह' आणि 'रेकफेस्ट' या दोन गेमनी काल्पनिक गाड्या वापरून ही अडचण टाळली आहे. 'बीमएनजी'मध्ये संपूर्ण गाडी एकमेकांना जोडलेल्या बिंदूंची आणि दांड्यांची बनलेली असते. धडकेचा जोर त्या सांगाड्यातून प्रत्यक्ष पुढे सरकतो, त्यामुळे पुढचे चाक खांबावर आपटले की सस्पेन्शनचा, म्हणजे चाक गाडीशी जोडून धक्के झेलणाऱ्या यंत्रणेचा, हात वाकतो, चाक तिरके होते आणि स्टिअरिंग सरळ धरूनही गाडी एका बाजूला ओढली जाते. ठोकर किती मोठी होती एवढेच तिथे पाहिले जात नाही, ती कुठे लागली यालाही तितकेच महत्त्व आहे. त्याच गेमच्या करिअरमध्ये विम्याची व्यवस्था आहे आणि दाव्याच्या वेळी काही रक्कम खेळाडूला स्वतः भरावी लागते. आपण खऱ्या रस्त्याचे उदाहरण दिले आहे म्हणून इथे एक गोष्ट नमूद करतो. आपल्याकडील नेहमीच्या मोटार विम्यात आयोजित शर्यती आणि वेगाच्या चाचण्या वगळलेल्या असतात. म्हणजे ट्रॅकवर शर्यतीत ठोकलेल्या गाडीचा खर्च त्या पॉलिसीतून मिळत नाही. शर्यतीतला खर्च हा रस्त्यावरच्या खर्चापेक्षा मुळातच वेगळा आहे, आणि गेममध्ये त्याची नक्कल करताना रस्त्यावरचे गणित जसेच्या तसे उचलणे योग्य ठरत नाही.

शर्यतीत सर्वांत महाग वस्तू वेळ असते. हे ज्या गेमला नेमके उमगले त्यांत मी 2015 च्या 'डर्ट रॅली'ला वरचे स्थान देतो. रॅलीत प्रतिस्पर्धी आपल्या शेजारी नसतोच. एकेक गाडी ठरावीक अंतराने सुटते आणि घड्याळाशी लढते. काही टप्पे झाले की गाडी सर्व्हिसच्या जागी येते आणि तिथे दुरुस्तीला तीस मिनिटे मिळतात. पडद्यावर गाडीच्या भागांची यादी दिसते, प्रत्येक भाग किती बिघडला आहे आणि तो नीट करायला किती मिनिटे लागतील हे त्यासमोर लिहिलेले असते. समजा, रेडिएटर दुखावला आहे, मागचे सस्पेन्शन वाकले आहे, गिअरबॉक्स कुरकुरतो आहे आणि दोन दिवे फुटले आहेत. सगळ्याची बेरीज तीस मिनिटांपेक्षा जास्त भरते. पुढचा टप्पा दिवसाचा असेल तर दिवे सोडून देता येतात. रात्रीचा असेल तर दिव्यांशिवाय जंगलातून गाडी हाकणे म्हणजे जिवावर उदार होणे आहे. पुढे चढ जास्त असतील तर रेडिएटर आधी, खडकाळ रस्ता असेल तर सस्पेन्शन आधी. ठरलेली मिनिटे ओलांडली तर त्याबद्दल एकूण वेळेत दंडाची भर पडते, आणि खऱ्या जागतिक रॅली स्पर्धेतही वेळ-तपासणीच्या जागी उशिरा पोहोचल्यास मिनिटामागे दहा सेकंदांचा दंड असतो. पंक्चरचेही तसेच आहे. थांबून चाक बदलायचे, की उरलेले काही किलोमीटर फाटक्या टायरवर रडतखडत काढायचे, हा निर्णय गाडी चालवता चालवताच घ्यावा लागतो. या गेममध्ये कोणी कितीही क्रेडिट, म्हणजे गेममधले पैसे, साठवलेली असली, तरी दंडाशिवाय ती तीस मिनिटे एकतीस होत नाहीत. श्रीमंत आणि गरीब खेळाडू इथे बऱ्याच अंशी एका पातळीवर येतात, आणि म्हणूनच हा हिशेब करिअरच्या शेवटपर्यंत बोथट होत नाही.

सर्किटवरच्या शर्यतीत हेच काम पिट, म्हणजे टायर बदलायला आणि दुरुस्तीला थांबण्याची ट्रॅकलगतची जागा, करते. 'असेटो कोर्सा कॉम्पिटिझिओने' या इटालियन गेममध्ये नुकसान झाले की दुरुस्तीला लागणारे सेकंद खेळाडूला दिसतात, आणि बॉडी व सस्पेन्शन यांपैकी काय दुरुस्त करायचे हे त्याला स्वतः ठरवता येते. 'आयरेसिंग' या ऑनलाइन शर्यतींच्या गेममध्ये दुरुस्तीचे दोन भाग पडतात. काही काम सक्तीचे असते, ते झाल्याशिवाय गाडी नीट बाहेर पडू शकत नाही, आणि काही काम ऐच्छिक असते, जे टाळून थोडा कमी वेग पत्करता येतो. काळ्या झेंड्यावर नारिंगी गोल दाखवून बिघडलेल्या गाडीला पिटमध्ये बोलावण्याची खऱ्या शर्यतींतली पद्धतही तिथे आहे. तासाभराच्या शर्यतीत पहिल्याच वळणावर कोणाला तरी ढकलून एक क्रमांक मिळवला आणि त्यापायी पिटमध्ये अर्धे मिनिट उभे राहावे लागले, तर तो सौदा तोट्याचा आहे हे खेळाडूला कोणी समजावून सांगावे लागत नाही.

मात्र आपल्या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, आणि ती मला पटत नाही. धडक देणाऱ्यालाच भुर्दंड पडेल असे आपण मानले आहे. प्रत्यक्षात मागून येऊन ठोकणाऱ्याच्या गाडीचा फक्त पुढचा पत्रा चेपतो, आणि ज्याला ठोकले तो गिरकी खाऊन भिंतीवर जातो, त्याचे सस्पेन्शन मोडते व शर्यत संपते. पैसे कापा किंवा वेळ कापा, मोठे बिल निर्दोष माणसाच्या नावावर निघते. चूक कोणाची हे संगणकाने ओळखणे फार अवघड आहे, कारण त्यासाठी वळणाच्या तोंडाशी कोण किती पुढे होते, कोणी आतली बाजू आधी धरली होती, कोणी ब्रेक अवेळी लावला, हे सगळे पाहावे लागते. 'आयरेसिंग'ने हा प्रश्न सरळ बाजूला ठेवला. तिथे धडकेचे अपघात-गुण दोघांच्याही खात्यावर चढतात, दोष कोणाचाही असो. हे ऐकताना अन्यायाचे वाटते आणि ज्याच्यावर ओढवते त्याचा संतापही मी समजू शकतो. तरी दीर्घकाळाचा विचार करता मला ती पद्धत योग्य वाटते, कारण जो वारंवार धडकांत सापडतो त्याचे सुरक्षिततेचे मानांकन घसरते, आणि चांगला चालक उतावळ्या माणसापासून दोन हात दूर राहायला शिकतो. चुकीचा निवाडा करणाऱ्या यंत्रापेक्षा निवाडाच न करणारे यंत्र निदान सर्वांना सारखे वागवते.

मग पैशांचा उपयोग काहीच नाही का? आहे, पण तो झिजेसाठी. 'ग्रॅन टुरिस्मो 7'मध्ये शर्यतीतल्या धडकेचे बिल येत नाही, पण गाडी जसजशी धावते तसतसे तेल खराब होते आणि इंजिनाची ताकद उतरते. खूप धावल्यावर इंजिनाची पूर्ण दुरुस्ती आणि बॉडीचा गेलेला कणखरपणा परत आणणे, ही कामे पैसे देऊन करून घ्यावी लागतात. हा खर्च शिक्षा म्हणून येत नाही. तो गाडी बाळगण्याचा खर्च आहे, आणि चांगल्या-वाईट दोन्ही खेळाडूंना तो गाडी जितकी पळेल त्या प्रमाणात पडतो. मला ही विभागणी पटते.

आता आपल्यापुरते बोलायचे, तर आपण मित्रांबरोबर खेळताना तीन फेऱ्यांच्या शर्यती घेत असाल असे मी धरून चालतो. एवढ्या छोट्या शर्यतीत नुकसान पूर्ण चालू केले तर पहिल्या वळणावर ठोकर खाल्लेल्याला सावरायला वाव राहत नाही आणि तो चिडून बाहेर पडतो. त्याऐवजी शर्यत अर्धा-पाऊण तासाची करा, पिटमध्ये एकदा थांबणे सक्तीचे ठेवा, नुकसान यांत्रिक पातळीवर, म्हणजे फक्त दिसण्यापुरते न ठेवता गाडीच्या चालण्यावर परिणाम करील असे, चालू करा, आणि वेळ मागे फिरवण्याची सोय बंद करा. गेम परवानगी देत असेल तर पहिले काही आठवडे नुकसानीचे प्रमाण मध्यम ठेवून नंतर वाढवा, म्हणजे नवख्यांचा धीर सुटणार नाही. चूक कोणाची याचा निवाडा संगणकावर सोडू नका. शर्यतीनंतर रिप्ले पाहून, ज्याने ढकलले त्याला पुढच्या शर्यतीत सर्वांत मागून सुरुवात करायला लावा. आमच्या मंडळींत हा एकच नियम सर्वांत जास्त लागू पडला, आणि पहिल्या वळणावर होणारी चेंगराचेंगरी त्यामुळेच आटोक्यात आली.