थायलंडमधल्या चियांग माईत आठवडाभर राहून शहराच्या प्रेमात पडलोय. आता तिथूनच सहा महिने ऑनलाइन काम करायचं म्हणतोय. काय बघावं?

डिसेंबरात गेला होतात ना? तेव्हा सगळेच पडतात प्रेमात. सहा महिन्यांचा करार करण्याआधी एवढंच बघा, की त्यात मार्च येतो का. फेब्रुवारी ते एप्रिल आसपासची शेतं आणि जंगलं जळतात. शहर डोंगरांच्या मधल्या खोलगट भागात, त्यामुळे धूर हलत नाही. ऐन शहराला टेकलेला दोई सुथेप डोंगरही दिसेनासा होतो. दम्याचा त्रास असेल तर हे महिने नकोतच. माझं मत विचाराल तर नोव्हेंबर ते जानेवारी तिथे काढा, मग मुक्काम हलवा.

खोली इथून बुक करू नका. दोन-तीन रात्री हॉटेलात काढून निम्मान या वस्तीत किंवा खंदकाच्या आतल्या जुन्या शहरात पायी फिरा. भाडं विचाराल तेव्हा विजेचा दरही विचारा, खरी मेख तिथेच असते. सरकारी दर युनिटला साधारण 4 बाट, बरेच मालक 7-8 लावतात. दिवसभर एसी लावून महिन्याला 200 युनिट जाळलेत तर 800 च्या जागी 1,600 बाट. डिपॉझिट बहुधा दोन महिन्यांचं. पहिल्याच दिवशी मीटरचा आकडा आणि भिंतीवरचे डाग यांचे फोटो काढून मालकाला पाठवा, नाहीतर निघताना डिपॉझिटवरून वाद ठरलेला. तुम्ही राहायला आल्याची टीएम 30 ही नोंद मालकाने 24 तासांत करायची असते. तिची पावती मागून घ्या, पुढे इमिग्रेशनमध्ये लागते.

व्हिसा डीटीव्ही (डेस्टिनेशन थायलंड व्हिसा, दुरून ऑनलाइन काम करणाऱ्यांसाठीचा) घ्या: पाच वर्षांचा, एका प्रवेशावर 180 दिवस, फी 10,000 बाट. खात्यात 5 लाख बाटएवढी शिल्लक दाखवावी लागते आणि अर्ज थायलंडबाहेरूनच होतो. एका कॅलेंडर वर्षात 180 दिवस भरले की मात्र तिथल्या करकायद्याच्या कक्षेत येता.

टीम भारतात असेल तर उत्तमच. इथली दहाची मीटिंग तिथे साडेअकराला, म्हणजे सकाळ तुमची.

शाकाहारी असाल तर नुसतं 'मांस नको' म्हणून भागत नाही, भाजीतही माशाचा सॉस पडतो. 'जे' म्हणा, हा कडक शाकाहारासाठीचा थाई शब्द. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत तेच लिहिलेलं असतं. त्यात कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे चातुर्मास पाळणाऱ्यांचीही परस्पर सोय होते.