दशकाची यादी : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गेल्या अंकात आम्ही २०१० ते २०१९ या काळातले आवडते दहा मराठी चित्रपट कळवायला सांगितलं होतं. याद्या आल्या, पण प्रश्न त्याहून जास्त आले. त्यातले सहा इथे घेतले आहेत.

‘नटरंग’ पहिल्या नंबरवर लिहिला, तर भाचा म्हणतो तो २००९ चा. खरं कोणाचं?
— गंगापूर रोड, नाशिक

दोघांचंही. चित्रपट थिएटरात लागला १ जानेवारी २०१० ला. राष्ट्रीय पुरस्कार मात्र त्याला २००९ च्या चित्रपटांत मिळाला, कारण ते पुरस्कार सेन्सॉर सर्टिफिकेट कोणत्या वर्षातलं आहे त्यावर ठरतात. भाच्याने बहुधा पुरस्कारांची यादी उघडली असणार.

चित्रपटाला तीन तारखा असतात: पहिल्या महोत्सवाची, सर्टिफिकेटची आणि थिएटरची. ‘फँड्री’ २०१३ मध्ये महोत्सवांत फिरला आणि आपल्याकडे लागला १४ फेब्रुवारी २०१४ ला. ‘कोर्ट’ व्हेनिसला सप्टेंबर २०१४ मध्ये दाखवला गेला, इथे आला एप्रिल २०१५ मध्ये. ‘अस्तु’ २०१३ चा, पण थिएटरात यायला २०१६ उजाडलं. मधल्या वर्षांत हा घोळ कितीही असला तरी दशकाच्या यादीला धक्का लागत नाही. भांडण होतं ते दोन टोकांना, २००९-१० आणि २०१९-२० ला. आमचा सल्ला, थिएटरची तारीख धरा. आपण तिकीट काढून पाहू शकलो तो दिवस. मग ‘नटरंग’ तुमचा. फक्त हाच नियम उरलेल्या नऊ चित्रपटांनाही लावा. एका लाडक्यासाठी नियम वाकवला की यादीतला दुसरा कोणीतरी हकनाक बाहेर जातो.

जाता जाता एक. चित्रपट सुरू होताना ते सर्टिफिकेट दिसतं, तिथे पॉज करून वाचा. त्यावर तारीख असते, लांबी असते, आणि त्रिकोणाची खूण असेल तर बोर्डाने काही भाग कापायला लावलेला आहे असं समजावं. ती लांबी आपल्या समोरच्या प्रिंटच्या लांबीशी ताडून पाहा. पाच-सात मिनिटांचा फरक दिसला तर आपण पाहतोय तो अख्खा चित्रपट नव्हे. अपवाद जुन्या पाल (आपल्याकडच्या टीव्हीची जुनी पद्धत) डीव्हीडीचा. ती सेकंदाला २४ ऐवजी २५ चौकटी (फ्रेम) पळवते, त्यामुळे १२० मिनिटांचा चित्रपट काहीही न कापता ११५ मिनिटांत संपतो. आवाजही किंचित चढा लागतो.

फाळके आपले, त्र्यंबकचे. मग ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ यादीत वर ठेवायलाच हवा ना?
— त्र्यंबकेश्वर

गावाच्या नात्याने ठेवू नका, चित्रपटाच्या जोरावर ठेवा. जोर आहेच. दादासाहेबांचा जन्म त्र्यंबकचा (३० एप्रिल १८७०), शेवट नाशिकचा (१६ फेब्रुवारी १९४४). पण फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ कसा केला हे सांगणारा हा चित्रपट रंगतो तो मुंबईच्या घरात: संसारातल्या वस्तू विकून उभा केलेला उद्योग, तारामतीसाठी बाई मिळत नाही म्हणून पुरुषाला नेसवलेलं लुगडं. परेश मोकाशींनी हे सगळं हसत-खेळत सांगितलं आणि फाळक्यांचा पुतळा होऊ दिला नाही. चरित्रपटात ही गोष्ट दुर्मीळ. यादीत यायला एवढं कारण पुरे. तारखेचं म्हणाल तर तो थिएटरात आला जानेवारी २०१० मध्ये, त्यामुळे दशकात बसतो.

नाशिकचा भाग पुढचा आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ ला मुंबईत कोरोनेशन थिएटरला लागला, त्यानंतर फाळक्यांनी बिऱ्हाड नाशिकला हलवलं आणि ‘मोहिनी भस्मासुर’ इथे केला. त्यात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या, म्हणजे लुगडं नेसवण्याचा प्रश्न नाशिकला येऊन सुटला. पांडवलेण्याच्या पायथ्याचं फाळके स्मारक पाहायला जाल तेव्हा हे लक्षात असू द्या.

दहा निवडायचे होते, वहीत त्रेचाळीस झाले. एकही काढवत नाही.
— पंचवटी

त्रेचाळीस झाले कारण यादी फोनवर शोधून केली असणार. वर्षवार यादी समोर आली की प्रत्येक नावाला ‘अरे, हाही चांगला होता’ होतंच.

वही मिटा. कोऱ्या कागदावर, काहीही न पाहता, आठवतील तेवढी नावं लिहा. वेळ वीस मिनिटं, जास्त नाही. आठ दिवसांनी पहिला कागद न बघता पुन्हा लिहा. दोन्ही कागदांवर आलेली नावं साधारण पंधरा-वीस भरतात. ती पहिली चाळणी.

मग प्रत्येक नावासमोर तीन गोष्टी लिहायच्या: एक दृश्य, एक आवाज (संवाद किंवा गाणं सोडून) आणि एक खटकलेली गोष्ट. ‘किल्ला’ घ्या. दृश्य: मित्र पुढे निघून गेलेत आणि पावसात किल्ल्यात एकटा सापडलेला मुलगा. आवाज: तोच पाऊस, दगडावरचा. खटकलेलं तुमचं तुम्ही लिहा. ज्या चित्रपटासमोर गाण्याशिवाय काहीच लिहिता येत नाही तिथे तुम्हाला गाणी आवडलेली आहेत, चित्रपट नव्हे. त्याची वेगळी यादी करा, तीही मजेची होते. खटकलेली गोष्ट सुचतच नसेल तर तो चित्रपट फार वर्षांत पाहिलेला नाही, पुन्हा पाहायच्या गठ्ठ्यात टाका.

पुन्हा पाहताना सुरुवातीपासून पाहू नका. सुरुवात सगळ्यांचीच बरी असते. इंटरव्हलनंतरची वीस मिनिटं लावा. रिमोट हातात असूनही पुढे पाहत बसलात तर चित्रपट टिकला. दिवसाला एकच. एका रविवारी चार पाहिले की चौथ्यावर अन्याय होतो.

तराजू कुठे झुकतो तेही सांगतो. शेवटच्या दोन वर्षांतले चित्रपट नेहमी जास्त भरतात, ते ताजे असतात म्हणून. आणि विनोदी चित्रपट हमखास गळतात, कारण यादी चारचौघांना दाखवायची असते. लाजू नका. ज्याच्या वाक्यांवर घरात आजही हसू येतं तो यादीत हवा.

‘सैराट’ पूर्वार्धासाठी ठेवू की उत्तरार्धासाठी काढू? हैदराबादला गेल्यावर रेंगाळतो.
— सिडको

रेंगाळतो, आणि तसाच बेतलेला आहे. पूर्वार्धात नागराज मंजुळे आपल्याला गाण्यांचं, स्लो मोशनचं, विहिरीतल्या उड्यांचं सिनेमातलं प्रेम देतात. उत्तरार्धात ते सगळं काढून घेतात. उरते पत्र्याची खोली, डोशाची गाडी, बाटल्या भरण्याचा कारखाना आणि रोजची कटकट. ऑर्केस्ट्रा थांबला की आपल्याला कंटाळा येतो, आणि पळून आलेल्या आर्ची-परश्यालाही तेव्हा तसलंच काहीतरी होत असतं. हा भाग छाटला तर शेवट नुसता धक्का उरेल.

चित्रपट १७४ मिनिटांचा आहे. मोबाइलवर तीन हप्त्यांत पाहिला तर उत्तरार्ध पडणारच, कारण त्याचं वजन आधीच्या दीड तासावर उभं आहे. शेवटी आवाज पूर्ण बंद होतो. घरात पंखा, कुकर, शेजारचा टीव्ही चालू असेल तर ही शांतता कळतच नाही, काहींना तर स्पीकर बिघडल्यासारखं वाटतं. एकदा रात्री, सलग, दिवा मालवून पाहा आणि मग काढायचा का ते ठरवा. आमच्या मते ठेवावा, उत्तरार्धासकट.

थिएटरात आवडलेला चित्रपट घरच्या ५५ इंची टीव्हीवर मालिकेसारखा का दिसतो?
— नाशिक रोड

टीव्ही दोन चौकटींच्या मध्ये स्वतःच्या चौकटी घालून हालचाल गुळगुळीत करतो म्हणून. पिक्चर सेटिंगमध्ये मोशनच्या नावाने जे काही असेल ते बंद करा. ‘व्हिव्हिड’ काढून ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ मोड लावा. पहिले दोन दिवस चित्र पिवळट वाटेल, नंतर डोळा सरावतो.

दुसरी गोष्ट काळ्या पट्ट्यांची. स्कोप (रुंद पडद्याचा) चित्रपट उंचीच्या २.३९ पट रुंद असतो, टीव्ही १.७८ पट. वर-खाली मिळून पाव पडदा काळा राहणारच. तो भरण्यासाठी ‘झूम’ दाबलंत तर दोन्ही बाजूंनी मिळून चित्राचा पाव भाग जातो आणि काठावर उभं असलेलं पात्र अर्धं कापलं जातं. ‘स्ट्रेच’ केलंत तर माणसं काटकुळी होतात. सायकलचं चाक बाजूने पूर्ण दिसेल असा क्षण शोधा. चाक गोल दिसलं तर ठीक, अंडाकृती दिसलं तर सेटिंग चुकलंय.

सोसायटीच्या गच्चीवर यादीतले पाच चित्रपट दाखवायचे आहेत. चाळीसेक माणसं. काय काय लागेल?
— इंदिरानगर

आधी परवानगी, मग प्रोजेक्टर. घरच्या ओटीटीची वर्गणी घरापुरती असते, तिकीट नसलं तरी गच्चीवरचा खेळ त्यात बसत नाही. चित्रपटाच्या सुरुवातीला निर्मात्याचं नाव येतं, तिथे लेखी विचारा. कोणता चित्रपट, कोणती तारीख, किती माणसं, तिकीट नाही, एवढं पत्रात असावं. महिनाभर आधी विचारा, कारण हक्क कधी कधी निर्मात्याकडून दुसरीकडे गेलेले असतात आणि तो पत्ता काढण्यातच वेळ जातो.

पडदा १२० इंची पुरतो, म्हणजे २६६ बाय १४९ सेंटिमीटर. चादर लावू नका. प्रकाश आरपार जातो आणि वारा आला की नायकाचं तोंड वाकडं होतं. फ्लेक्सवाल्याकडून दहा बाय सहा फुटांचा कोरा पांढरा मॅट फ्लेक्स घ्या, चारी बाजूंना दर दीड फुटावर रिंगा मारून. खालच्या कडेला खोळ शिवून त्यात पाइप सरकवला की फ्लेक्स ताठ राहतो. खालची कड जमिनीपासून चार फूट वर हवी, नाहीतर मागच्यांना सबटायटल दिसत नाहीत. पुढे सतरंज्या, मागे खुर्च्या.

प्रोजेक्टर भाड्याने घेताना दोन गोष्टी विचारा. ‘नेटिव्ह रिझोल्युशन किती?’, कारण १०८० ‘सपोर्ट’ करणारे स्वस्त प्रोजेक्टर प्रत्यक्षात ४८० किंवा ७२० दाखवतात. आणि ‘एएनएसआय ल्युमेन (ठरलेल्या पद्धतीने मोजलेला उजेड) किती?’, ३००० च्या खाली नको. नुसते ‘ल्युमेन’ सांगणाऱ्याचे आकडे फुगवलेले असतात. थ्रो (पडद्यापासूनचं अंतर चित्राच्या रुंदीच्या किती पट) १.५ असेल तर प्रोजेक्टर पडद्यापासून चार मीटरवर बसतो, म्हणजे प्रेक्षकांच्या मधोमध. त्याच्याभोवती जागा मोकळी सोडा आणि वायर टेपने जमिनीला चिकटवा. काळोखात पाय अडकतो तो तिथेच. प्रोजेक्टर तिरपा ठेवून कीस्टोनने (तिरपं चित्र सरळ करणाऱ्या सेटिंगने) चित्र सरळ करू नका, कडा मऊ होतात. त्यापेक्षा टेबलाची उंची बदला.

स्पीकर पडद्याच्या दोन बाजूंना ठेवा आणि साधी वायर वापरा. ब्लूटूथवर आवाज मागे पडतो, ओठ आधी हलतात.

आता वेळ. रात्री दहानंतर लाउडस्पीकर चालत नाही. डिसेंबरात नाशिकला सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. पावणेसातला ‘सैराट’ सुरू केला आणि दहा मिनिटांचं इंटरव्हल घेतलं तरी नऊ पन्नासला संपतो. मे महिन्यात अंधार व्हायलाच साडेसात वाजतात, तेव्हा हा चित्रपट बसत नाही. म्हणून लांब चित्रपट हिवाळ्यात, आखूड उन्हाळ्यात. हिवाळ्यात लोकांना शाली आणायला सांगा, नाहीतर इंटरव्हलनंतर निम्मी गच्ची रिकामी होते.

पहिला खेळ ‘एलिझाबेथ एकादशी’चा करा. पंढरपूरची मुलं, वडिलांनी बनवलेली सायकल, आईच्या डोक्यावरचं विणकाम यंत्राचं कर्ज आणि वारीत मांडलेलं बांगड्यांचं दुकान. पोरं पुढे बसतील, आजी-आजोबा मागे, आणि कोणी उठणार नाही. ‘कोर्ट’ शेवटी ठेवा. त्यात सत्र न्यायालयाची खोली सुट्टीसाठी बंद होते, दिवे एकेक करून मालवतात, पडदा काळा होतो. इथे हमखास कोणीतरी टाळ्या वाजवतं आणि ऑपरेटर प्रोजेक्टर बंद करतो. त्याला आधीच सांगून ठेवा की हात लावू नकोस. पुढे अजून न्यायाधीशांची सहल आहे, बाकावरची डुलकी आहे आणि एका पोराच्या कानाखाली बसलेली चपराक आहे.