नाशिकमध्ये घराशेजारच्या लॉन्सवर रात्री साडेअकरापर्यंत डीजे वाजतो, मालक म्हणतो परवानगी आहे. हे चालतं का?

नाही चालत, उघड्या लॉन्सवर रात्री १० ते सकाळी ६ स्पीकर लावायला बंदीच आहे, लग्न असलं तरी. २००० चे ध्वनिप्रदूषण नियम तसं स्पष्ट सांगतात. दहाच्या आतही मोकळं रान नाही: निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल, आणि खासगी जागेच्या हद्दीवर आवाज त्याहून फार तर ५ ने वाढलेला चालतो. म्हणजे मोजायचं ते कुंपणापाशी, स्टेजपाशी नाही. तावदानं थरथरायला लागली की वेळ लिहून ठेवा, ११२ ला फोन करा. घाबरू नका, तक्रारदाराची ओळख उघड करू नये असं मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये पोलिसांना बजावलंय. मात्र सणा-उत्सवांसाठी सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. ती तारीख त्यातली नाही ना, तेवढं आधी बघा.