क्रेप बँडेज बांधण्याआधी

प्रिय डॉक्टर,

'घोटा मुरगळला, एक्स-रे नॉर्मल, क्रेप बांधून घरी पाठवलं.' तुझ्या पत्रातलं हे वाक्य मला खटकलं. कॅज्युअल्टीत श्वास घ्यायला फुरसत नसते, कबूल. पण यात निदान कुठे आहे?

घोट्याच्या इजेसाठी 1992 मध्ये कॅनडात तयार झालेले ओटावा नियम तुला पाठ असतील. आतल्या आणि बाहेरच्या घोट्याची मागची कड खालच्या 6 सेंटीमीटरपर्यंत दाबायची, पावलाच्या आतल्या बाजूचं नॅव्हिक्युलर हाड आणि करंगळीमागच्या पाचव्या मेटाटार्सल हाडाचा बुंधा दाबायचा, चार पावलं टाकता येतात का बघायचं. नियम उत्तम आहेत. पण एक्स-रे कुणाचा काढायचा, एवढंच ते सांगतात.

बाकी काम तुझ्या बोटाचं. बाहेरच्या घोट्याच्या जरा पुढे दुखलं तर बहुधा एटीएफएल, म्हणजे मुरगळल्यावर नेहमी दुखावणारं बाहेरच्या बाजूचं लिगामेंट. घोट्याच्या टोकाच्या अगदी खाली दुखलं तर टॅलस या घोट्याच्या सांध्यातल्या हाडाच्या लॅटरल प्रोसेसचं, म्हणजे बाहेरच्या टोकाचं, फ्रॅक्चर डोक्यात ठेव. साध्या फिल्मवर ते सहज निसटतं, सीटीवर सापडतं. बाहेरच्या घोट्याच्या मागे काही सटकल्यासारखं वाटतं असं पेशंट म्हणाला तर तिथून जाणारे पेरोनियल टेंडन, म्हणजे स्नायूंचे दोर, तपास.

दुखणं घोट्याच्या वर, टिबिया आणि फिब्युला या पायाच्या दोन हाडांच्या मध्ये असेल तर ती हाडं जोडून ठेवणाऱ्या सिंडेस्मोसिसला इजा झाल्याची शंका घे. पोटरीच्या मध्यावर दोन्ही हाडं एकमेकांकडे दाब. कळ खाली घोट्याशी उठली तर शंका बळावते. मग हात थेट गुडघ्याखालपर्यंत ने. मेझोनव्ह फ्रॅक्चरमध्ये फिब्युला तिथे वर मोडलेली असते आणि घोट्याच्या फिल्ममध्ये तो भाग येतच नाही. घट्ट जीन्स वर सरकत नाही म्हणून तपासणी घोट्यापाशीच थांबते, हे मी खूपदा पाहिलंय. जीन्स काढायला लाव, खुशाल.

पहिल्या दिवशी सूज आणि वेदनेमुळे सांध्याचा सैलपणा नीट कळत नाही. चार-पाच दिवसांनी बोलाव, टाच पुढे ओढून सैलपणा बघायची ड्रॉवर टेस्ट तेव्हा कर, आणि ती तारीख केसपेपरवर लिही; तोंडी सांगितलेलं कुणी पाळत नाही.

एमआरआय सरसकट लिहू नकोस, पैसे पेशंटच्या खिशातून जातात. मात्र सहा आठवड्यांनंतरही सांध्यात खोलवर ठणकत असेल, मध्येच अडकत असेल, तर टॅलसच्या कूर्चेला इजा झाली असू शकते. तेव्हा एमआरआय करायला कचरू नकोस, पहिला एक्स-रे कितीही स्वच्छ असला तरी.

तुझा,
सर