वाचकांचे प्रश्न : उतारा वाचला, पण कळला का?

प्रश्न : मी हडपसरच्या एका शाळेत सातवीला मराठी शिकवते. उताऱ्याखालच्या प्रश्नांची उत्तरं मुलं बिनचूक लिहितात. पण पुस्तक मिटून ‘काय वाचलंत?’ विचारलं की वर्ग गप्प. गोष्ट असो की माहितीपर मजकूर, गत तीच. काय करावं?
– एक शिक्षिका

उत्तर : दोष बराचसा प्रश्नांचा आहे. फळ्यावर हे वाक्य लिहा : ‘तांबळे गुसरून पिंगट्यावर लोबकले.’ आता विचारा, तांबळे कशावर लोबकले? सगळा वर्ग ओरडेल, ‘पिंगट्यावर!’ वाक्याला काडीचा अर्थ नाही, तरी उत्तर बरोबर. प्रश्नातला शब्द उताऱ्यात हुडकायचा आणि ती ओळ उतरवायची, ही युक्ती मुलांच्या अंगवळणी पडलेली असते. म्हणून पाचांतले निदान दोन प्रश्न असे काढा, की उत्तर आयतं मिळणार नाही, पण पुरावा उताऱ्यातच असेल. आणि प्रत्येक उत्तरावर विचारा : कशावरून?

गोष्टीतली एक ओळ घ्या : ‘आजीने दुसऱ्या ताटातली पोळी परत डब्यात ठेवली आणि कडी न लावताच दिवा मालवला.’ मुलं म्हणतील, आजी दुःखी आहे. कशावरून? ताटं दोन, म्हणजे कुणीतरी जेवायला यायचं होतं. पोळी डब्यात गेली, म्हणजे ते वेळेवर आलं नाही. कडी लावलेली नाही, म्हणजे अजून वाट पाहणं संपलेलं नाही. ‘दुःखी’ हा शब्द कुठेच नाही; कुणी ‘आजी रागावली आहे’ म्हणालं तर तेही ऐकून घ्या, पण पुरावा मागा. ‘कडी लावायला विसरली असेल’ असं एखादा म्हणेलच. मग ‘न लावताच’ मधल्या ‘च’चं काय करायचं, ते त्यालाच विचारा. तात्पर्य मात्र पहिल्या दिवशी विचारू नका. ते विचारलं की मुलं गोष्ट सोडून सुविचार लिहू लागतात.

माहितीपर मजकुराला वेगळी नजर लागते. पुण्यातल्या मुलांना पावसाळ्यात ओळखीची असलेली सूचना घ्या, आकडे आपण सरावासाठी घालू : ‘खडकवासला धरणातून मुठा नदीत सकाळी ९ वाजता ५,००० क्युसेक विसर्ग सुरू होता. दुपारी १ पासून तो १५,००० क्युसेक करण्यात येणार आहे. पावसाच्या प्रमाणानुसार त्यात बदल होण्याची शक्यता आहे.’ आधी विचारा : हे कोण सांगतंय, कुणाला आणि कधीपर्यंत खरं? मग क्रियापदांखाली रेघ मारायला लावा. ‘होता’ म्हणजे घडून गेलेलं, ‘येणार आहे’ म्हणजे ठरलेलं, ‘शक्यता आहे’ म्हणजे अनिश्चित. तिन्ही विधानं सारख्याच खात्रीची मानणं ही इथली हमखास चूक. दुसरी चूक म्हणजे एकक गाळून आकडा वाचणं. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८.३ लिटर, तेव्हा १५,००० क्युसेक म्हणजे दर सेकंदाला सव्वाचार लाख लिटरच्या आसपास. हा गुणाकार वहीत होऊ द्या. शेवटी एक प्रश्न : नदीपात्रात गाडी लावलेल्या माणसाने काय करावं आणि किती वाजायच्या आत?

३५ मिनिटांच्या तासाला १२० ते १५० शब्दांचा उतारा पुरे. पहिली ५ मिनिटं मूकवाचन. एकेकाला उभं करून परिच्छेद वाचायला लावू नका; मूल आपली पाळी कुठे येणार ते मोजतं, तेवढ्याच ओळी मनात घोकतं आणि बाकीचं त्याच्या कानावरून जातं. दुसऱ्या वाचनात पेन्सिलीने रेघा, पण परिच्छेदाला फार तर पाच शब्द. मर्यादा नसली की अख्खं पान रंगतं. मग जोडीने चर्चा १० मिनिटं, उरलेल्या वेळात पुस्तक मिटून तीन वाक्यांत आशय. त्यात उताऱ्यातलं अख्खं वाक्य आलं तर ते पुन्हा लिहायला सांगा.

प्रश्न : मुलगी दहावीला आहे. कवितेचं रसग्रहण गाइडमधून पाठ करते. परीक्षेत चालेल का?
– एक पालक, कोथरूड

उत्तर : आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये हे मुद्दे पाठ असायला हरकत नाही, वाक्यं पाठ नकोत. ‘कवीने अत्यंत प्रभावी शब्दांत भावना मांडल्या आहेत’ हे वाक्य कुठल्याही कवितेला चिकटतं, म्हणून निरुपयोगी. तिच्या जुन्या उत्तरातलं प्रत्येक वाक्य दुसऱ्या कवितेखाली ठेवून पाहा. तिथेही शोभलं तर खोडा. बहुधा दोन-तीनच उरतील. मग प्रत्येक मुद्द्याला कवितेतला एकेक शब्द किंवा प्रतिमा अवतरणचिन्हात घेऊन तिने स्वतःचं एक वाक्य लिहावं. अलंकाराचं नुसतं नाव पुरत नाही. उपमा असेल तर कशाला कशाची, आणि त्यातला कोणता गुण कवीला हवा होता, हे यायला हवं.

प्रश्न : घरी सरावाला वेगळं पुस्तक घ्यावं का?
– एक पालक, सिंहगड रस्ता

उत्तर : माहितीपर मजकुरासाठी गरज नाही. वीजबिल, पीएमपी बसचं वेळापत्रक, औषधाच्या खोक्यावरच्या सूचना घरातच असतात. वीजबिलापासून सुरुवात करा : मागचं रीडिंग, चालू रीडिंग, वापरलेली युनिटं आणि बिल भरायची शेवटची तारीख मुलाने शोधून दाखवावी, आणि गेल्या महिन्यापेक्षा बिल का वाढलं याचं कारण बिलातूनच काढावं.