खोकला-शिंक आली की लघवी गळते. करंट (मशीनने स्नायूंना दिलेली सौम्य वीज) घ्यायला सांगितलाय, उपयोग होतो का?
होतो, पण सगळ्यांना नाही. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू स्वतःहून आवळता येत असतील तर आधी केगेल व्यायाम (हेच स्नायू आवळणं-सोडणं) करा, रोज, किमान ३ महिने. मग मशीनची गरज बहुधा पडत नाही. नेमकं काय आवळायचं हेच ज्यांना उमगत नाही (बाळंतपणानंतर पुष्कळजणींचं असं होतं), त्यांना मात्र करंटमुळे ते जाणवतं. योनीत छोटा प्रोब (करंट देणारी कांडी) ठेवतात. मुंग्या आल्यासारखं वाटतं, दुखता कामा नये. खोकताना गळत असेल तर करंट साधारण ३५ ते ५० हर्ट्झचा (म्हणजे सेकंदाला तितके ठोके), लघवीची घाई होत असेल तर १० ते २०. गरोदरपणात, पेसमेकर असल्यास किंवा जंतुसंसर्ग असताना घेऊ नका. आणि तपासणी न करता ऑनलाइन मशीन तर अजिबात मागवू नका.